आमच्या पश्चात या मुलाचे काय?

बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांशी ओळख वाढली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. मूल लहान असते तेव्हा शाळा कोणती, थेरपी कुठे, असे प्रश्न असतात. मूल तिशीला आले, अम्मी-अब्बांचे गुडघे दुखू लागले, की एकच प्रश्न उरतो: आमच्यानंतर याला कोण सांभाळणार? भाऊ दुबईला, बहीण सासरी. मग कुणीतरी निवासी संस्थेचे नाव काढते आणि घरात सगळे गप्प होतात. संस्थेत ठेवणे म्हणजे टाकून देणे, असे काहींना वाटते. इमारत चांगली आणि फी भक्कम असली की काळजी मिटली, असे इतर काहींना वाटते.

या दोन्ही समजुती तपासायच्या तर ब्रिटनचा इतिहास वाचावा. ब्रिटन फार चांगले वागले म्हणून नव्हे. तिथे वाईट घडले तेव्हा चौकशा झाल्या आणि त्यांचे अहवाल छापले गेले, म्हणून.

सुरुवात 1913 च्या मेंटल डेफिशिअन्सी ॲक्टपासून करू. या कायद्याने माणसांचे चार वर्ग पाडले: इडियट, इंबेसाइल, फीबल-माइंडेड आणि मॉरल इंबेसाइल. आज यातले दोन शब्द सरळ शिव्या आहेत, त्या काळी ते सरकारी फॉर्मवर लिहिले जात. (उर्दूत आपण ‘माज़ूर’ म्हणतो, म्हणजे ज्याचा उज्र मान्य आहे असा. शब्द निदान माणसाच्या बाजूने उभा राहतो. वागणूक तशी असतेच असे नाही, ते वेगळे.) या कायद्याने माणसांना ‘कॉलनी’ नावाच्या वसाहतींत ठेवण्याची सोय केली. गावाबाहेर मोठे आवार, पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे. लग्नाआधी मूल झालेल्या गरीब मुलींनाही या कायद्याखाली आत टाकता येत असे. उद्देश सांभाळण्याइतकाच समाजापासून दूर ठेवण्याचा होता. 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली आणि या वसाहतींवर ‘हॉस्पिटल’ अशी पाटी लागली. आतली माणसे तीच होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना कोणताही आजार नव्हता.

कार्डिफमधले एली हॉस्पिटल त्यांपैकीच एक. 1862 मध्ये गरीब व अनाथ मुलांची शाळा म्हणून ते सुरू झाले होते. 1967 मध्ये तिथल्या एका परिचारकाने ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ला आतली हकिकत कळवली: रुग्णांना मारहाण, त्यांच्या वाट्याच्या अन्नाची चोरी. चौकशीचे काम वकील जेफ्री हाऊ यांच्याकडे आले, जे पुढे मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळात होते. अहवालात क्रूर कर्मचाऱ्यांची हकिकत आहेच, पण त्याहून बोचणारी गोष्ट दुसरी आहे. तक्रार करणाऱ्यांनाच तिथे त्रास होत होता. वर्षानुवर्षे एकाच आवारात काम करणाऱ्यांना ‘इथे असेच चालते’ याची सवय झाली होती आणि बाहेरून तपासायला कुणी येत नव्हते. अहवालाचा सारांश छापून प्रकरण मिटवता आले असते. मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी मार्च 1969 मध्ये तो पूर्ण छापायला लावला. त्यानंतर हॉस्पिटलांची पाहणी करणारी एक स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली, आणि 1971 च्या श्वेतपत्रिकेत या हॉस्पिटलांतल्या खाटा सुमारे निम्म्यावर आणण्याचे ठरले. एली मात्र 1996 पर्यंत चालू राहिले.

वाईट काय ते चौकशीतून कळते. चांगले काय, हे शोधण्याचे काम मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड यांनी केले आणि मला ते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. 1950 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी लंडनच्या फाउंटन हॉस्पिटलमधली 16 मुले निवडली आणि त्यांना सरे परगण्यातल्या ब्रुकलँड्स नावाच्या एका मोठ्या घरात हलवले. तशीच आणखी 16 मुले तुलनेसाठी हॉस्पिटलमध्येच राहिली. ब्रुकलँड्समध्ये छोटे छोटे गट केले, प्रत्येक गटाला सांभाळणारी ठरलेली बाई दिली आणि दिवस बालवाडीसारखा आखला. ज्या मुलांना खेळणे म्हणजे काय हे माहीत नव्हते, ती खेळू लागली. दोन वर्षांनी बोलण्याच्या बाबतीत ती हॉस्पिटलमधल्या मुलांच्या स्पष्टपणे पुढे होती. औषध नवे नव्हते, फक्त दिवस वेगळा होता.

पुढे टिझार्ड, रॉय किंग आणि नॉर्मा रेन्स यांनी हॉस्पिटलांचे वॉर्ड आणि छोटी वसतिगृहे यांची तुलना केली. 1971 मध्ये ‘पॅटर्न्स ऑफ रेसिडेन्शियल केअर’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. त्यांनी मोजपट्टीसाठी घेतलेले प्रश्न अगदी साधे होते. सुटीच्या दिवशीही मुले त्याच वेळेला उठवली जातात का? जेवणाआधी, अंघोळीआधी सगळ्यांना एकत्र ताटकळत बसावे लागते का? मुलांकडे स्वतःचे कपडे आहेत का? कर्मचारी मुलांसोबत बसून जेवतात का? वसतिगृहे बरीच पुढे निघाली, यात नवल नाही. नवल कारणात आहे. गट किती मोठा आणि माणसे किती, एवढ्यावरून फरकाचा उलगडा होत नव्हता. जिथे प्रमुख स्वतः मुलांमध्ये वेळ घालवत होता, रोजचे निर्णय तिथेच घेत होता आणि मुलांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेला होता, तिथे इतर कर्मचारीही मुलांशी जास्त बोलत. जिथे निर्णय वरून येत, तिथे मुलांना हलवले जाई, पुसले जाई, भरवले जाई, पण त्यांच्याशी बोलणे कमी होई. मी शिक्षक आहे, त्यामुळे मुख्याध्यापकाचे वागणे शिपायापर्यंत कसे झिरपते हे मला कुणी वेगळे सांगायला नको.

हा धडा पुरेसा वाचला गेला नाही, असे पुढच्या घटना सांगतात. मोठी हॉस्पिटले बंद झाली, छोटी खासगी ठिकाणे आली. ब्रिस्टलजवळचे विंटरबोर्न व्ह्यू हे अवघ्या 24 खाटांचे होते. माणशी आठवड्याला सरासरी 3,500 पौंड सरकारी तिजोरीतून जात होते. 31 मे 2011 रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले दाखवले: माणसांना थपडा, जमिनीवर दाबून ठेवणे, कपड्यांसकट गार पाण्याखाली उभे करणे. तिथल्या एका वरिष्ठ नर्सने आधी व्यवस्थापनाकडे आणि सरकारी तपासणी संस्थेकडे तक्रार केली होती, ती तशीच पडून राहिली. नातेवाईकांना वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोल्यांपर्यंत जाऊ दिले जात नव्हते. 11 जणांना दोषी ठरवले गेले, त्यांतले सहा तुरुंगात गेले. सरकारने जून 2014 पर्यंत अशा माणसांना हॉस्पिटलांबाहेर आणण्याचे वचन दिले, ते पाळले गेले नाही. 2019 मध्ये डरहॅम परगण्यातल्या व्होर्ल्टन हॉलमधून तसलीच दृश्ये पुन्हा टीव्हीवर आली.

कंपनी नफ्यासाठी चालली होती म्हणून असे झाले, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. 1962 मध्ये ऑटिस्टिक मुलांच्या आईवडिलांनीच एक संस्था काढली. लॉर्ना विंग त्यांत होत्या, ज्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. याच संस्थेने 1974 मध्ये सॉमरसेट कोर्ट सुरू केले, ऑटिस्टिक प्रौढांसाठीचे इंग्लंडमधले पहिले निवासस्थान. आपल्या मुलांसाठी आपल्याच हातांनी उभे केलेले घर. त्याच आवारातले मेंडिप हाऊस 2016 मध्ये बंद करावे लागले. काही कर्मचारी तिथल्या रहिवाशांची टिंगल करत, त्यांना छळत, आणि बाहेर हॉटेलात गेल्यावर आपल्या जेवणाचे बिलही रहिवाशांच्याच पैशांतून भागवत. घर छोटे होते, संस्था धर्मादाय होती आणि हेतू नेक होता.

आपल्याकडे मुंबईत मानखुर्दला अशा मुलांसाठी 1941 पासून निवासी संस्था आहे. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. हा अर्ज आईवडील हयात असतानाच करावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संस्थांची नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर दिसते. ते पाहून झाले की स्वयंपाकघर आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या दाखवा म्हणावे, शक्य असेल तर जेवणाच्या वेळी, न कळवता जावे, आणि ताटांवर कोण कोण बसले आहे ते पाहावे.