पडक्या इमारतींची खडी आणि बोगद्यांचें अस्तर



अंबरनाथचें शिवमंदिर शके 982 मध्यें, म्हणजे इ. स. 1060 मध्यें, शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळीं पुरें झालें. त्याचे काळे चिरे अद्याप उभे आहेत. शेजारच्या उल्हासनगराची कथा निराळी. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत 1947 नंतर सिंधी निर्वासित राहूं लागले, आणि 1949 मध्यें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. पुढें तेथें काँक्रीटच्या इमारती उठल्या. त्यांपैकीं कित्येक तीस वर्षेंहि नीट टिकल्या नाहींत. 2021 च्या मे महिन्यांत, पंधरवड्याच्या आंत, दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें प्राणास मुकलीं.

अशा इमारती पाडल्या कीं मलब्याचे डोंगर उभे राहतात. उलट, बदलापुराजवळ खरा डोंगर फोडून मुंबई-वडोदरा महामार्गासाठीं सुमारें चार किलोमीटरांचे जुळे बोगदे हातीं घेण्यांत आले. एकीकडे खडी फुकट जाते, दुसरीकडे खडीसाठीं टेकड्या पोखरतात. मग मलब्याचीच खडी बोगद्यास कां लावूं नये?

प्रथम बोगद्याचें अस्तर कसें घालतात तें पाहूं. 1863 मध्यें खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेंतील बोगद्यांस, खडक कच्चा असेल तेथें, दगडी बांधकामाचा आधार देत. पुढें अमेरिकेंत कार्ल एकली या शिल्पकारानें नळींतून सिमेंट उडविण्याचें यंत्र काढलें व 1911 मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. त्याच रीतीनें आतां हवेच्या दाबानें काँक्रीट थेट खडकावर मारतात. ऑस्ट्रियाच्या राब्सेविच यांनीं 1962 मध्यें नांव दिलेल्या पद्धतींत हा पातळ लेप खडकास आवळून धरतो, आणि डोंगर स्वतःच स्वतःचा भार पेलतो.

जुन्या काँक्रीटच्या खडीस मात्र जुना चुरा चिकटलेला असतो. तो पाणी शोषतो. मिश्रण घट्ट होऊन नळी अडते. अस्तराची ताकदहि घटते. खडी आधीं भिजविणें, बारीक चुरा चाळून काढणें व नव्या खडींत थोडीच मिसळणें, हे उपाय आहेत. भारतीय मानक 383 नें 2016 मध्यें तिला मर्यादित जागा दिली: साध्या काँक्रीटांत शेकडा 25, सळ्यांच्या काँक्रीटांत, तेंहि एम-25 पर्यंतच, शेकडा 20, आणि एम-15 हून कमी ताकदीच्या काँक्रीटांत पूर्ण 100. बोगद्याचें कायमचें अस्तर बहुधा याहून सबळ लागतें. शिवाय इमारत खाडीच्या खाऱ्या रेतीची असेल, तर तिच्या खडींतील मीठ नव्या सळ्यांनाहि गंजवितें.

म्हणून माझें मत असें: जी खडी एकदां माणसांच्या डोक्यावर कोसळली, ती परीक्षेवांचून पुन्हां प्रवाशांच्या डोक्यावर चढवूं नये. तिची पहिली नेमणूक पायाखालीं असावी, म्हणजे भरावांत, पदपथांत, बोगद्याच्या तळाखालील पातळ काँक्रीटांत. विद्यार्थी खालच्या इयत्तेंत उत्तीर्ण झाल्यावरच त्यास आम्ही मास्तर वर चढवितों. प्रयोगशाळेनें तिला उत्तीर्ण केलें, कीं अस्तरांतहि तिला मानाची जागा मिळेल.

पण ती वाया मात्र जाऊं नये. शिलाहारांच्या मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी पुढें उल्हासनगरांतून जाते. तिच्या कांठीं मलबा टाकणें ही आपल्या इतिहासाची शोभा नव्हे.