पाळण्यातले पाय आणि ‘मेट्स’चे चाहते

अमेरिकेतील ‘मेजर लीग बेसबॉल’ या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत तीस संघ खेळतात. हे संघ दरवर्षी शाळा-महाविद्यालयांतील हौशी खेळाडूंची क्रमाक्रमाने निवड करतात. या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ असे म्हणतात. आयपीएलच्या लिलावाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच अनोळखी वाटणार नाही. मात्र दोहोंत मूलभूत फरक आहे. लिलावात एकाच खेळाडूवर अनेक संघ बोली लावू शकतात. ड्राफ्टमध्ये ज्या संघाची पाळी असेल त्याने नाव उच्चारायचे आणि ते उच्चारले की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क केवळ त्याच संघाला मिळतो.

निवडले गेलेले बहुतेक खेळाडू सतरा ते बावीस या वयोगटातील असतात. सर्वोच्च स्पर्धेत उतरण्यापूर्वी त्यांना कनिष्ठ संघांतून सहसा काही वर्षे काढावी लागतात आणि त्यांतील कित्येकांना ते मैदान कधीच दिसत नाही. तरीही नाव जाहीर होताच चाहत्यांमध्ये वादाला तोंड फुटते. ‘हाच का निवडला? तो का सोडला?’ हे प्रश्न पुढे वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाहीत. न्यूयॉर्कमधील ‘मेट्स’ या संघाचा इतिहास पाहिला, तर या वादाचे जवळजवळ सर्व प्रकार एकाच ठिकाणी सापडतात.

ड्राफ्टचा उगम

१९६५ पूर्वी नवोदित खेळाडू आपल्या पसंतीच्या संघाशी करार करू शकत असे. साहजिकच ज्या संघाची थैली जड त्याची सरशी होई. १९६४ मध्ये एंजल्स संघाने विस्कॉन्सिन विद्यापीठातील रिक रायकार्ट या खेळाडूला सुमारे दोन लाख डॉलर मोजले, तेव्हा संघमालकांचे डोळे विस्फारले. पुढच्याच वर्षी, जून १९६५ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला आणि रिक मंडे हा पहिला निवडलेला खेळाडू ठरला.

दुर्बल संघांना आधी संधी मिळावी, हा या पद्धतीचा घोषित हेतू. नवोदितांवरील खर्चाला लगाम बसावा, हा दुसरा हेतूही तितकाच खरा. या व्यवस्थेने संघांमध्ये समतोल आणण्यास हातभार लावला. पण कोणत्या संघासाठी खेळायचे हे ठरविण्याचा खेळाडूचा हक्क मात्र संपुष्टात आला. चाहत्यांच्या वादात ही बाजू सहसा येत नाही.

पूर्वी आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाची पाळी आधी येत असे. २०२३ पासून पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात. संघांनी मुद्दाम हरू नये, हा त्यामागील उद्देश. २०१९ मध्ये चाळीस फेऱ्या होत असत. करोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये त्या अवघ्या पाच झाल्या आणि २०२१ पासून वीस आहेत. जूनमध्ये होणारा हा कार्यक्रमही २०२१ पासून जुलैमध्ये होऊ लागला.

एकाच वर्षी दैव आणि दुर्दैव

१९६५ च्या मोसमात मेट्सने ११२ सामने गमावले होते. परिणामी १९६६ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्यांच्या वाट्याला आली. त्यांनी कॅलिफोर्नियातील स्टीव्ह चिलकॉट या सतरा वर्षांच्या शाळकरी खेळाडूची निवड केली. तो ‘कॅचर’, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू होता आणि संघाला त्या जागेसाठी खेळाडू हवा होता. दुसरी निवड ॲथलेटिक्स संघाची होती. त्यांनी ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील रेजी जॅक्सन याला घेतले.

चिलकॉटच्या खांद्याला पुढच्याच वर्षी दुखापत झाली आणि मेजर लीगमध्ये त्याला एकही सामना खेळता आला नाही. जॅक्सनने ५६३ होम रन फटकावून ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळविले. १९७३ च्या ‘वर्ल्ड सीरिज’मध्ये ॲथलेटिक्सने मेट्सलाच चार विरुद्ध तीन सामन्यांनी नमविले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान जॅक्सनला मिळाला. मेट्सच्या चाहत्यांच्या जखमेवर याहून अधिक मीठ कोणते चोळले जाणार? जॅक्सन कृष्णवर्णीय होता. आपल्याला वर्णभेदामुळे डावलले गेले, असे त्याने पुढे सांगितले. संघाच्या वतीने ते नाकारण्यात आले.

गंमत अशी की, त्याच १९६६ मध्ये मेट्सला त्यांच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडू लाभला आणि तोही निव्वळ दैवयोगाने. टॉम सीव्हर या पिचरशी, अर्थात चेंडू फेकणाऱ्या खेळाडूशी, ब्रेव्हज संघाने केलेला करार नियमभंगामुळे रद्द झाला. त्याच्या महाविद्यालयाचा मोसम तोपर्यंत सुरू झाला होता. तेव्हा ब्रेव्हजइतकी रक्कम देण्यास तयार असलेल्या संघांमध्ये चिठ्ठी काढावी, असा निर्णय आयुक्त विल्यम एकर्ट यांनी दिला. तीन संघ पुढे आले आणि टोपीतून मेट्सची चिठ्ठी निघाली. १९६९ मध्ये सीव्हरच्या नेतृत्वाखालील गोलंदाजीच्या बळावर मेट्स प्रथमच विजेते ठरले. कारकिर्दीत त्याने ३११ विजय नोंदविले.

विचारपूर्वक केलेली निवड फसली आणि टोपीतील चिठ्ठी फळली. मात्र म्हणून चिठ्ठ्याच टाकाव्यात, असे कोणी म्हणणार नाही. चिलकॉटच्या निवडीतून चाहत्यांनी एक नियम मात्र पक्का केला : संघात कोणती जागा रिकामी आहे हे पाहू नये, उपलब्ध खेळाडूंतील सर्वोत्तम घ्यावा. निवडलेला मुलगा सर्वोच्च पातळीवर पोहोचेपर्यंत संघाची गरजच पालटलेली असते, हा त्यामागील तर्क आजही ग्राह्य धरला जातो.

शाळा की महाविद्यालय?

दुसरा जुना वाद वयाचा आहे. शाळेतून थेट घेतलेला मुलगा कच्चा असतो, परंतु त्याच्या वाढीला वाव अधिक. महाविद्यालयात तीन वर्षे खेळलेला खेळाडू पारखलेला असतो, पण त्याची मर्यादाही बव्हंशी कळून चुकलेली असते.

१९८० मध्ये मेट्सला पुन्हा पहिली निवड मिळाली. त्यांनी लॉस एंजेलिसमधील डॅरिल स्ट्रॉबेरी या शाळकरी खेळाडूला घेतले. त्याच पहिल्या फेरीत तेविसाव्या क्रमांकावर त्यांनी सॅन डिएगोतील बिली बीन या आणखी एका शाळकरी खेळाडूची निवड केली. दोघेही उंचपुरे, चपळ आणि पाहताक्षणी नजरेत भरणारे. स्ट्रॉबेरी १९८३ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला आणि मेट्सकडून त्याने २५२ होम रन केले. बीन मेजर लीगमध्ये विविध संघांकडून मिळून अवघे १४८ सामने खेळला.

बीन यांची खरी कारकीर्द त्यानंतर सुरू झाली. ओकलंड संघाचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी ‘स्काउट’ मंडळींच्या, म्हणजे गावोगाव फिरून खेळाडू हेरणाऱ्यांच्या, नजरेवर विसंबण्याऐवजी आकडेवारीला महत्त्व दिले. २००२ च्या ड्राफ्टमध्ये ओकलंडकडे पहिल्या फेरीतील सात निवडी होत्या. त्यांत महाविद्यालयीन खेळाडूंवर त्यांनी भर दिला. मायकेल लुईस यांच्या २००३ मधील ‘मनीबॉल’ या पुस्तकामुळे ही कहाणी सर्वदूर पोहोचली आणि सामान्य चाहत्याच्या तोंडीही आकडेवारीची परिभाषा आली.

तथापि या प्रयोगाने वाद मिटला नाही. त्या पुस्तकामुळे गाजलेला जेरेमी ब्राऊन मेजर लीगमध्ये अवघे पाच सामने खेळला. उलट मेट्सने १९८२ मध्ये शाळेतून घेतलेला ड्वाइट गुडन एकोणिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये उतरला आणि १९८५ मध्ये २४ विजय व अवघे ४ पराभव अशी कामगिरी करून त्याने ‘साय यंग’ पुरस्कार पटकावला. २००१ मध्ये ३८ व्या क्रमांकावर शाळेतून घेतलेला डेव्हिड राइट पुढे मेट्सचा कर्णधार झाला.

मागील बाकावरचे हिरे

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. ड्राफ्टचा इतिहास या म्हणीला वारंवार आव्हान देतो. माइक पियाझा याला डॉजर्स संघाने १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर घेतले होते. तेही त्याच्या वडिलांच्या आणि संघाचे मार्गदर्शक टॉमी लासोर्डा यांच्या स्नेहाखातर. १९९८ ते २००५ या काळात मेट्सकडून खेळून तो २०१६ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाला.

२०१० मध्ये मेट्सने पहिल्या फेरीत मॅट हार्वी या पिचरची निवड केली. नवव्या फेरीत, २७२ व्या क्रमांकावर त्यांनी जेकब डिग्रॉम याला घेतले. डिग्रॉम महाविद्यालयात प्रामुख्याने ‘शॉर्टस्टॉप’ या जागी क्षेत्ररक्षण करीत असे आणि पिचर म्हणून नुकताच उभा राहू लागला होता. हार्वीची झेप दुखापतींनी रोखली. डिग्रॉमने २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे ‘साय यंग’ पुरस्कार जिंकला. स्ट्रॉबेरीचा २५२ होम रनचा मेट्सचा विक्रम २०२५ मध्ये मोडला, तो पीट अलोन्सो याने. २०१६ मध्ये त्याची निवड झाली होती दुसऱ्या फेरीत.

हातचा गेलेला खेळाडू ही आणखी एक ठसठस. १९८१ मध्ये मेट्सने बाराव्या फेरीत रॉजर क्लेमेन्स याला निवडले होते, परंतु करार झाला नाही. १९८६ च्या ‘वर्ल्ड सीरिज’मध्ये तो बोस्टनकडून मेट्सविरुद्धच उभा ठाकला. ती मालिका मेट्सने जिंकली, म्हणून चाहत्यांनी तो विषय हसण्यावारी नेला इतकेच.

पैसा आणि प्रकृती

२०१२ पासून प्रत्येक संघाला नवोदितांवर खर्च करण्यासाठी ठराविक रकमेची मर्यादा आखून दिली जाते. एकाला अधिक द्यायचे, तर दुसऱ्याला कमी द्यावे लागते. म्हणूनच कधी कधी गुणवान खेळाडू मागे पडतो आणि स्वस्तात तयार होणारा पुढे जातो. हा हिशेब ध्यानात न घेता केलेली टीका अर्धवट ठरते.

याच पार्श्वभूमीवर २०२१ मधील कुमार रॉकर प्रकरण गाजले. आईकडून भारतीय वंशाचा असलेला हा पिचर व्हँडरबिल्ट विद्यापीठात गाजला होता. तो दहाव्या क्रमांकापर्यंत उपलब्ध राहिला आणि मेट्सने त्याला उचलले, तेव्हा चाहत्यांना घबाड मिळाल्याचा आनंद झाला. साठ लाख डॉलरच्या कराराचे वृत्तही आले. परंतु वैद्यकीय तपासणीनंतर मेट्सने करार केलाच नाही आणि आनंदाचे रूपांतर संतापात झाले. नियमानुसार मेट्सला पुढील वर्षी अकराव्या क्रमांकाची भरपाई निवड मिळाली; रॉकरच्या पदरी मात्र एका वर्षाची प्रतीक्षा आली.

२०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने रॉकरला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. २०२३ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केले. यात मेट्सची सावधगिरी खरी ठरली की हात आखडता घेणे चुकले? शस्त्रक्रियेकडे बोट दाखवणारे आणि पदार्पणाकडे बोट दाखवणारे, असे दोन्ही पक्ष आजही आपापल्या मतावर ठाम आहेत.

निकाल केव्हा लावावा?

निवड उत्तम आणि तरीही पश्चात्ताप, असेही घडते. २०२० मध्ये मेट्सने एकोणिसाव्या क्रमांकावर घेतलेल्या पीट क्रो-आर्मस्ट्राँग याला पुढच्याच वर्षी शिकागो कब्सकडे धाडून त्या बदल्यात हावियर बायेझ याला आणले. बायेझ मोसम संपताच डेट्रॉइटकडे गेला. क्रो-आर्मस्ट्राँगने २०२५ मध्ये ३१ होम रन केले. येथे पारख अचूक होती. चुकला तो धीर.

त्यामुळे जाणकार चाहते निवडीचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न वेगळे ठेवतात. पहिला, त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर निर्णय योग्य होता काय? दुसरा, पुढे काय घडले? चिलकॉटच्या खांद्याची दुखापत १९६६ मध्ये कोणालाही दिसणे शक्य नव्हते. जॅक्सनचे गुण मात्र तेव्हाही दिसत होते. म्हणजे मेट्सला दोष द्यायचाच, तर तो जॅक्सनला सोडल्याचा द्यावा. चिलकॉट जायबंदी झाल्याचा नव्हे. बहुतेक वादांत या दोन गोष्टींची गल्लत होते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. चाहत्याच्या लेखी ‘फुकट गेलेली निवड’ असलेला खेळाडू हा हाडामांसाचा तरुण असतो. यांकी संघाने १९९१ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला ब्रायन टेलर याचा खांदा १९९३ मध्ये एका हाणामारीत निखळला आणि तो मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही. २०१३ मध्ये ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या मार्क अपेलवर अपयशाचा शिक्का बसला होता. त्याने मधली काही वर्षे खेळच सोडला. पुन्हा परतून २०२२ मध्ये, निवडीनंतर नऊ वर्षांनी, त्याने फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये पदार्पण केले. तोवर त्याच्या निवडीवरचा वाद अनेकांनी केव्हाच निकालात काढला होता.