बॉम्बे रक्तगट : 'ओ' दिसणारे, पण 'ओ' नसणारे रक्त

आपला रक्तगट कोणता, हे शहरातील बहुतेकांना ठाऊक असते. वाहन परवान्यावर, कार्यालयाच्या ओळखपत्रावर, शाळेच्या दैनंदिनीत तो छापलेला असतो. 'ओ निगेटिव्ह' गटाचे रक्त कोणालाही चालते, हेही अनेकांनी ऐकलेले असते. परंतु काही मोजक्या व्यक्तींना हे 'सर्वांना चालणारे' रक्तही चालत नाही. ते दिल्यास त्यांच्या जीवावर बेतू शकते. विशेष म्हणजे साध्या तपासणीत या व्यक्तींचा गट 'ओ' असाच दिसतो. या गटाचा शोध १९५२ साली मुंबईत लागला. शहराचे इंग्रजी नाव पुढे बदलले, तरी वैद्यकशास्त्रात हा गट आजही 'बॉम्बे रक्तगट' याच नावाने ओळखला जातो.

रक्तगट कशावरून ठरतो?

व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचे व सहकाऱ्यांचे रक्त एकमेकांत मिसळून पाहिले, तेव्हा काही नमुन्यांत तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या, तर काहींत झाल्या नाहीत. त्यावरून १९०१ मध्ये त्यांनी मानवी रक्ताचे तीन गट सांगितले. चौथा 'एबी' गट १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. या शोधाबद्दल लँडस्टायनर यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट रेणू असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. 'ए' प्रतिजन असेल तर गट 'ए', 'बी' असेल तर 'बी', दोन्ही असतील तर 'एबी' आणि दोन्ही नसतील तर 'ओ'. मात्र ही अर्धीच गोष्ट झाली. आपल्या पेशींवर जो प्रतिजन नसतो, त्याच्याविरुद्ध लढणारी प्रतिपिंडे आपल्या रक्तद्रवात असतात. 'ए' गटाच्या व्यक्तीत 'बी'विरोधी, 'बी' गटाच्या व्यक्तीत 'ए'विरोधी, 'ओ' गटात दोन्ही, तर 'एबी' गटात यांपैकी एकही नाही. ही प्रतिपिंडे तयार होण्यासाठी आधी कधी रक्त घेतलेले असावे लागत नाही. बालपणातच ती आपोआप तयार होतात.

कोणाचे रक्त कोणाला?

तांबड्या पेशी देताना 'ओ' गटाच्या पेशी चारही गटांना चालतात. 'ए' गटाच्या पेशी 'ए' व 'एबी' यांना, 'बी' गटाच्या पेशी 'बी' व 'एबी' यांना, आणि 'एबी' गटाच्या पेशी केवळ 'एबी' यांनाच चालतात. रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, देताना हा क्रम नेमका उलटा होतो. तेथे 'एबी' गट सर्वांना चालतो, तर 'ओ' गटाचा प्लाझ्मा केवळ 'ओ' गटालाच चालतो. म्हणून 'ओ' गटाला 'सर्वदाता' म्हणणे केवळ तांबड्या पेशींपुरतेच खरे आहे.

याखेरीज आरएच घटक पाहावा लागतो. 'डी' प्रतिजन असेल तर गट पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १५ टक्के व्यक्ती आरएच निगेटिव्ह असतात. भारतात हे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे.

विजोड गटाच्या पेशी शरीरात गेल्यास प्रतिपिंडे त्यांच्यावर तुटून पडतात आणि पेशी रक्तवाहिन्यांतच फुटू लागतात. थंडी वाजून ताप, पाठीत व कमरेत वेदना, धाप लागणे, रक्तदाब घसरणे, लघवीला लालसर काळपट रंग येणे ही त्याची लक्षणे होत. मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्ण दगावूही शकतो. रक्त चढविण्यास सुरुवात झाल्यावर पहिली १५ मिनिटे रुग्णावर बारकाईने लक्ष ठेवतात, ते यासाठीच.

पायाच नसलेले रक्त

आता मुंबईतील शोधाकडे वळू. 'ए' आणि 'बी' हे प्रतिजन पेशीवर थेट बसत नाहीत. त्यांच्याखाली 'एच' नावाचा पाया असतो. या पायावर एक प्रकारची शर्करा जोडली गेली की 'ए' तयार होतो, दुसऱ्या प्रकारची जोडली गेली की 'बी'. 'ओ' गटात काहीच जोडले जात नाही, त्यामुळे 'एच' पाया तसाच उघडा राहतो. याचाच अर्थ 'ओ' गटाच्या पेशींवर 'एच' सर्वांत अधिक असतो.

बॉम्बे गटाच्या व्यक्तींत हा 'एच' पायाच नसतो. साहजिकच 'ए' किंवा 'बी'ही तयार होऊ शकत नाहीत. त्यामुळे अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात 'ए'विरोधी, 'बी'विरोधी आणि त्यांच्या जोडीला 'एच'विरोधी अशी तीनही प्रकारची प्रतिपिंडे असतात. इतर सर्व गटांच्या पेशींवर कमीअधिक प्रमाणात 'एच' असल्याने या व्यक्तीला 'ए', 'बी', 'एबी' वा 'ओ' यांपैकी कोणतेही रक्त चालत नाही. तिला केवळ दुसऱ्या बॉम्बे गटाच्या व्यक्तीचेच रक्त चालते.

डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी अशा तीन व्यक्तींची नोंद केली. लंडनमधील रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या शास्त्रज्ञांच्या सहभागाने हे संशोधन १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारतात साधारणतः दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची असते, असे मानले जाते. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एक इतके अल्प आहे.

चुकीची नोंद कशी होते?

रक्तगट तपासण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत रुग्णाच्या पेशींवर 'ए'विरोधी व 'बी'विरोधी द्रावणाचे थेंब टाकतात. याला फॉरवर्ड ग्रुपिंग म्हणतात. बॉम्बे गटाच्या पेशींवर दोन्ही प्रतिजन नसल्याने कोठेच गुठळ्या होत नाहीत आणि अहवालात 'ओ' असे लिहिले जाते. शिबिरात वा लहान प्रयोगशाळेत काचपट्टीवर केलेली तपासणी अनेकदा येथेच थांबते.

दुसऱ्या पद्धतीत रुग्णाचा रक्तद्रव माहीत असलेल्या गटांच्या पेशींशी मिसळतात. हे रिव्हर्स ग्रुपिंग. त्यात 'ओ' गटाच्या पेशीही वापरल्या, तर सत्य उघड होते. खऱ्या 'ओ' गटाच्या व्यक्तीचा रक्तद्रव 'ओ' पेशींच्या गुठळ्या करीत नाही. बॉम्बे गटाचा मात्र करतो. त्यानंतर 'युलेक्स युरोपियस' या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेल्या 'एच'विरोधी द्रव्याने खात्री करून घेतात. ही तपासणी झालेली नसेल, तर शेवटचा अडसर म्हणजे क्रॉसमॅचिंग. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव यांची प्रत्यक्ष जुळणी करताना 'ओ' गटाची एकही पिशवी जुळत नाही, तेव्हा बॉम्बे गटाची शंका येते. घाईपोटी ही पायरी गाळली गेली, तर अशा रुग्णाला वाचविणारे काहीच उरत नाही.

आईवडिलांचा गट आणि गैरसमज

'एच' तयार करणारे जनुक १९ व्या गुणसूत्रावर, तर 'एबीओ'चे जनुक ९ व्या गुणसूत्रावर असते. आई व वडील या दोघांकडूनही 'एच' जनुकाची निकामी प्रत मिळाली, तरच अपत्य बॉम्बे गटाचे होते. म्हणून अशा व्यक्तीच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात हाच गट असण्याची शक्यता साधारणतः चारांत एक असते. रक्ताची गरज भासल्यास शोधाची सुरुवात भावंडांपासून करतात, ती यामुळेच. जवळच्या नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते.

येथे एक नाजूक प्रश्नही उद्भवतो. बॉम्बे गटाच्या आईकडे 'बी'चे जनुक असू शकते. पायाअभावी ते तिच्यात प्रकट होत नाही, एवढेच. वडील 'ए' गटाचे असतील आणि त्यांच्याकडून अपत्याला 'एच'ची चांगली प्रत मिळाली, तर अपत्य 'एबी' गटाचे होऊ शकते. 'ओ' गटाची नोंद असलेल्या आईचे मूल 'एबी' कसे, असा संशय मग घरात निर्माण होतो. केवळ रक्तगटाच्या कागदावरून मातृत्व वा पितृत्वाविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच अन्यायकारक ठरू शकते.

दाता कोठून आणायचा?

तांबड्या पेशी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवसच टिकतात. इतक्या दुर्मिळ गटाचे रक्त आधी घेऊन ठेवले, तर ते वापराविना वाया जाण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे साठ्यापेक्षा दात्यांची नोंद अधिक मोलाची ठरते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था दुर्मिळ रक्तगटांवर काम करते. नियोजित शस्त्रक्रिया असेल, तर रुग्णाचे स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवण्याचा मार्गही डॉक्टर सुचवू शकतात.

वाचकांनी काय करावे?

ओळखपत्रावरील रक्तगट ही माहिती आहे, परवाना नव्हे. प्रत्येक वेळी रक्त देण्यापूर्वी नव्याने तपासणी व क्रॉसमॅचिंग होणे आवश्यक असते; त्याला लागणाऱ्या वेळेबद्दल रक्तपेढीतील कर्मचाऱ्यांवर नातेवाइकांनी चिडू नये. 'ओ' गट असलेल्यांनी, विशेषतः गर्भवती स्त्रियांनी व शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी, आपली तपासणी दोन्ही पद्धतींनी झाली आहे का, हे विचारून घ्यावे. बॉम्बे गट असल्याचे निष्पन्न झाल्यास घाबरण्याचे कारण नाही. हा आजार नव्हे, आणि त्याने प्रकृतीवर एरवी काही परिणाम होत नाही. तथापि सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्यावी, रक्तपेढीकडे नाव नोंदवावे आणि पाकिटात 'बॉम्बे गट' असे स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. अपघातप्रसंगी ती चिठ्ठी प्राण वाचवू शकते.