मालगुंडचा मुलगा आणि मॅट्रिकचं इंग्रजी

गणपतीपुळ्याला आपण सगळेच जातो. दर्शन होतं, समुद्र होतो, मोदक होतात आणि गाडी परत फिरते. पण तिथून अगदी जवळ मालगुंड आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, १८६६ साली तिथे जन्मले. त्यांच्या नावाचं स्मारक आज तिथे उभं आहे. आजचा भाग त्यांच्यावर आहे, पण कवी म्हणून नाही. मॅट्रिकला बसलेला एक विद्यार्थी म्हणून.

आधी थोडं मागे जाऊ. १८३५ साली मेकॉलेने इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरला, १८५७ साली मुंबई विद्यापीठ सुरू झालं. रत्नागिरीत इंग्रजी शाळा त्याच्याही आधीपासून होती. रा. गो. भांडारकर मूळचे मालवणचे. वडिलांची बदली रत्नागिरीला झाली आणि ते इथल्या शाळेत इंग्रजी शिकले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यात न्यायमूर्ती रानड्यांबरोबर भांडारकरही होते. पुढे ते रत्नागिरीच्याच हायस्कुलात हेडमास्तर झाले.

आता एक गंमत ऐका. ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला १८९४ साली. तोवर मुंबई विद्यापीठाची मुलं कित्येक वर्षं शेक्सपिअर आणि मिल्टन वाचून परीक्षा देत होती! म्हणजे इंग्रजांच्या घरी जो विषय अजून धड उभा राहिला नव्हता, तो आपल्याकडे पास-नापास ठरवत होता.

सरकारचा हिशोब सरळ होता. कारभाराला इंग्रजी जाणणारी माणसं हवीत, आणि इंग्रजी पुस्तकं वाचून ती इंग्रजी वळणाचा विचार करू लागली तर उत्तमच. घरच्यांचा हिशोब त्याहून सरळ: मॅट्रिक झालास की नोकरी.

या हिशोबात केशवसुत काही बसले नाहीत. वडील शाळामास्तर, घर मोठं, पैसा कमी. शिक्षण खेड, बडोदे, वर्धा, नागपूर असं फिरत फिरत पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलपर्यंत पोचलं. ही शाळा १८८० साली निघाली. काढणाऱ्यांत रत्नागिरीत जन्मलेले टिळक होते, आणि लवकरच आगरकरही येऊन मिळाले. याच आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतलं, ते ‘विकारविलसित’. केशवसुत मॅट्रिक झाले १८८९ साली, बाविशी ओलांडल्यावर. आजच्या भाषेत सांगायचं तर भरपूर गॅप पडलेला विद्यार्थी.

पण परीक्षेच्या निमित्ताने जे वाचलं, ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. वर्डस्वर्थ, शेली, कीट्स या मंडळींकडून त्यांना एक गोष्ट उमगली. कविता देवाधर्मावर आणि पुराणकथांवरच लिहायला हवी असं नाही. आपल्या मनात काय चाललंय हाही कवितेचा विषय होऊ शकतो. उपाशी मजूरही होऊ शकतो. अंत्यज म्हणून हाकललेल्या मुलाच्या मनात आलेला प्रश्नही होऊ शकतो. या दोन्ही विषयांवर त्यांनी कविता लिहिल्या.

१८९२ साली त्यांनी मराठीत पहिलं सॉनेट लिहिलं, ‘मयूरासन आणि ताजमहाल’. याच प्रकाराला आपण सुनीत म्हणतो. चौदा ओळींचा साचा इंग्रजी, भाषा मराठी. त्यांचं ‘आम्ही कोण?’ हेही सुनीतच, आणि त्याचं वृत्त संस्कृतातलं शार्दूलविक्रीडित! याला नक्कल नाही म्हणता येत. बाहेरून आणलेलं बी घरच्या मातीत रुजवणं म्हणतात ते हे.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. ही दारं किती जणांना उघडी होती? बहुतेक वरच्या जातींच्या मुलांनाच. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच ठणकावून सांगितलं: कर शेतकरी भरतो, आणि सरकारचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर जातो. स्वतः फुले मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते आणि थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचून पेटले होते. म्हणून त्यांचं भांडण इंग्रजीशी नव्हतं. ती मोजक्यांच्या हातात राहते, याच्याशी होतं.

आता आपल्याकडे या. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण येतं. कवीचं नाव, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. आपण ते गाईडमधून पाठ करतो, उतरवतो, मार्क घेतो. कविता मात्र वाचायची राहून जाते.

केशवसुतांनी पुढे आयुष्यभर मास्तरकी केली, फैजपूरला, धारवाडला. १९०५ साली हुबळीत प्लेगने गेले, चाळिशीच्या आतच. कविता उरल्या सुमारे १३५. मॅट्रिकला त्यांना किती मार्क होते, हे आज कुणी विचारत नाही.

तर मंडळी, एक काम करा. दहावीच्या इंग्रजी पुस्तकातली एखादी कविता पुन्हा काढा. अलंकार शोधू नका, नुसती मोठ्याने वाचा. मग त्यातलं आपल्या गावचं, आपल्या घरचं काही सापडतंय का बघा. सापडलं तर मराठीत लिहून काढा, अगदी चार ओळी का होईना.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!