तबकडी श्रेष्ठ की सीडी?

तबकडीचा आवाज अधिक अस्सल, अशी अनेक रसिकांची धारणा असते. मोजमाप मात्र वेगळे सांगते. १९४८ साली आलेल्या एलपी तबकडीच्या खाचेत ध्वनिलहरींची सलग आकृती कोरलेली असते. १९८२ साली आलेल्या सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते. माणसाला ऐकू येणाऱ्या सर्व लहरी या नोंदींतून पुन्हा उभ्या राहतात. त्यामुळे 'मधला आवाज गळतो' हा समज निराधार ठरतो. सर्वांत क्षीण व सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल, तर तबकडीवर सहसा ७०च्या आसपास असते. म्हणूनच तानपुऱ्याचा मंद झंकार कधी सुईच्या खरखरीत बुडतो.

तरीही जुन्या तबकड्या मोडीत काढू नयेत. अनेक सीडींवर आवाज कृत्रिमरीत्या चढवून त्यातील चढउतार दाबलेले असतात. शिवाय मूळ फीत नष्ट झाली असल्यास तबकडी हाच त्या गायनाचा आधार उरतो.

वज्रेश्वरीसारख्या तानसाकाठच्या गावी पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरू शकते. त्या कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात आणि स्वच्छ करूनच संगणकावर उतरवाव्यात. अन्यथा खरखरही तितक्याच निष्ठेने उतरते.