हिवतापाच्या फायलीवर सही करण्याआधी

साल १९४६. तुम्ही मुंबई प्रांतातल्या उत्तर कानडा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या कुशीतल्या एका वाडीत उभे आहात. भरदुपारी ओट्यावर कुणीतरी दोन घोंगड्या पांघरून कुडकुडतंय. दारातलं पोर तुमच्याकडे टक लावून बघतं. हातपाय काटकुळे, पोट मात्र नगाऱ्यासारखं. पानथरी वाढलेली. असं पोर इथं घरटी सापडतं, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नाही.

अंगणात दोन माणसं बादलीत पंप ठेवून कामाला लागली आहेत. एक जण पट्टीवर पाय देऊन दांडा खालीवर करतोय, दुसरा नळीचं तोंड भिंतीवर धरून फवारतोय. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कानडा आणि धारवाड भागात डीडीटीचा हा प्रयोग चाललाय. त्यामागचा हिशेब साधा आहे. रोग्याला चावलेल्या डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू वाढायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत रक्त पिऊन जड झालेला डास कधीतरी भिंतीवर टेकतोच. ती भिंतच विषारी केली, की दुसऱ्याला रोग देण्याआधी तो मरतो.

आता १९५३ मध्ये या. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि आठ लाख माणसं मरत होती. एप्रिलपासून राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू होतो. गावोगाव फवारणी होते. डासांबरोबर ढेकूणही मरतात, म्हणून बायका खूश होतात. पाच वर्षांत आकडे इतके घसरतात, की १९५८ मध्ये नावातलं ‘नियंत्रण’ जाऊन तिथं ‘निर्मूलन’ येतं. आराखडा चार टप्प्यांचा आहे: तयारी, हल्ला, दृढीकरण, देखभाल. हल्ल्यात फवारायचं. दृढीकरणात फवारणी थांबवायची आणि सर्वेक्षण कामगारानं दर पंधरवड्याला घरोघर जाऊन ताप विचारायचा. कुणी तापलेलं दिसलं, की बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या. देखभालीत हा कामगारही काढायचा आणि पुढची राखण प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सोपवायची.

१९६५. दिल्ली. या वेळी तुम्ही बघे नाही, तुम्हाला अधिकाऱ्याची खुर्ची मिळाली आहे. समोरच्या फायलीत देशभराचे रुग्ण आहेत जेमतेम एक लाख आणि मृत्यू शून्य. कोणते भाग पुढच्या टप्प्यात ढकलायचे, एवढंच ठरवायचं आहे. डीडीटीला पैसा लागतो, त्यातलं बरंचसं परदेशी मदतीतून येतं. कुटुंब नियोजनाला माणसं हवी आहेत. गावातून तक्रारी येताहेत की आता ढेकूणसुद्धा मरत नाहीत, मग घरातलं सामान बाहेर काढायचं कशाला? फवारलेल्या भिंतीवर दिवाळीत नवा चुना चढतो आणि औषध चुन्याखाली जातं. दिसत नसलेल्या रोगावर एवढा खर्च का, हा प्रश्न तुम्हालाही रास्त वाटतो. तुम्ही पेन उचलता.

जरा थांबा. फायलीत न आलेल्या गोष्टीही बघून घ्या. काचपट्ट्यांचे गठ्ठे प्रयोगशाळांत तपासणीविना साचतात. निकाल येईपर्यंत रोग्यानं बरीच माणसं आजारी केलेली असतात. गुजरातेत पंचमहालाकडे डीडीटीला न जुमानणारे डास पन्नाशीचं दशक सरतानाच सापडले आहेत. शहरं या कार्यक्रमात फारशी धरलेलीच नाहीत, आणि विहिरी-टाक्यांत वाढणारा डास तर शहरी आहे. १९६३ मध्ये चढ्ढा समितीनं सांगितलं, की दहा हजार वस्तीमागे एक मूलभूत आरोग्य कामगार नेमा. हिवतापाची राखण, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि कुटुंब नियोजन, सगळं त्यानंच बघायचं. दोनच वर्षांत मुखर्जी समितीच्या लक्षात येतं, की अशानं हिवतापही धड सांभाळला जात नाही आणि कुटुंब नियोजनही.

शेजारच्या सिलोनमध्ये डोकावून या. तिथं १९६३ मध्ये अवघ्या बेटावर १७ रुग्ण होते. फवारणी थांबली, पाळत सैल झाली. १९६९ मध्ये तिथं पाच लाखांवर रुग्ण मोजले जातात.

आता १९७६. तुम्ही एका आरोग्य केंद्राच्या ओसरीवर आहात. रांग फाटकाबाहेर गेली आहे. देशात या एका वर्षात ६४ लाखांहून जास्त रुग्णांची नोंद होते. अकरा वर्षांपूर्वी सही करताना तुमच्यापुढचा आकडा खोटा नव्हता. पण तो मोजणारा माणूस काढून घेण्याचा निर्णय तुम्ही त्याच आकड्याच्या भरवशावर घेतलात, आणि पुढची वाढ वेळेत कळायची वाट बुजवलीत.

कार्यक्रम कधी बंदच करू नये, असा याचा अर्थ घेऊ नका. देवीची फाइल याच काळात बंद झाली आणि ती बरोबर झाली. २४ मे १९७५ रोजी आसामातल्या करीमगंजमध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. तरी त्यानंतर जवळपास दोन वर्षं पथकं घरोघर हिंडत राहिली. रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस होतं, आणि रुग्ण मिळेनासे झाले तशी बक्षिसाची रक्कम वाढवत नेली. प्रमाणपत्र मिळालं एप्रिल १९७७ मध्ये. देवी माणसाखेरीज कुणाच्या अंगात राहत नाही आणि चेहऱ्यावर लपत नाही. हिवतापाचा जंतू मात्र ताप नसलेल्या माणसाच्या रक्तातही दडून बसतो, आणि डास तर कुठं जात नाहीतच. म्हणून एकाला लावलेला नियम दुसऱ्याला चालत नाही.

१९७७ मध्येच हिवतापाचा आराखडा बदलला. निर्मूलनाचा हट्ट बाजूला ठेवून मृत्यू टाळणं आणि आजार आटोक्यात आणणं हे ध्येय ठरलं. हजार लोकांमागे वर्षाला दोन किंवा जास्त रुग्ण असतील तिथंच फवारणी करायची आणि गावोगाव गोळ्यांची केंद्रं ठेवायची, असं ठरलं.

आता तुमच्या काळात परता. २०२३ मध्ये देशात हिवतापाचे रुग्ण सव्वादोन लाखांच्या घरात होते. महाराष्ट्रात मुख्य भार गडचिरोली आणि मुंबईवर आहे. २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करायचा सरकारचा संकल्प आहे. म्हणजे आकडा पुन्हा १९६५ च्या आसपास येतोय, आणि एखाद्या जिल्ह्यात ‘रुग्णच नाहीत, मग पदं कशाला?’ हा प्रश्न आज ना उद्या येणारच. तेव्हा अधिकारी असा, जिल्हा परिषद सदस्य असा की नुसते मतदार, तीन गोष्टी विचारा. जंतूला लपायला जागा उरली आहे का? उद्या एकच रुग्ण आला तर तो किती दिवसांत कळेल? आणि ते काम कोणाचं, त्याच्याकडे आणखी किती कामं आहेत? या तिन्हींची उत्तरं कागदावर आल्याखेरीज सही होऊ देऊ नका.