पाटी कोसळते तेव्हा...

१३ मे २०२४ ला घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हापासून मी रस्त्यात आधी वर बघतो. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, होर्डिंग १२० बाय १२० चं!

ही हौस जुनीच. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये घरांना नंबर नव्हते, बऱ्याच गिऱ्हाइकांना वाचता येत नसे. म्हणून दुकानावर चित्राची पाटी: कुठे सिंह, कुठे घंटा. मग चढाओढ. शेजाऱ्यापेक्षा आपली मोठी, रस्त्यात आणखी पुढे आलेली. लोखंडी दांड्यावर टांगलेलं ते धूड वाऱ्यात करकरायचं, गल्लीतला उजेड अडवायचं, आणि सगळा भार भिंतीवर. १७१८ साली फ्लीट स्ट्रीटजवळच्या ब्राइड लेनमध्ये अशा एका पाटीनं भिंतच खाली ओढली. चार जण ठार.

पाट्या भिंतीला सपाट लावा, असे हुकूम निघू लागले १७६२ पासून. मधे ४४ वर्षं! पाट्या उतरल्या तशी पत्त्याची पंचाईत झाली, मग घरांवर नंबर आले.

आपण पाट्यांवरून भांडतो ते भाषेसाठी, शहराच्या रूपासाठी. भांडावंही. पण मला आधी वजन दिसतं.

आमच्या नाक्यावरच्या होर्डिंगखाली भेळवाला उभा असतो. परवा त्याला विचारलं, भीती नाही वाटत?

"सावली पडते ना, साहेब."